इतिवृत्तात ‘गोंधळ’ लिहीत नाहीत

नोकरीला लागून आठवडा झाला असेल-नसेल. मी टाइप करून दिलेल्या इतिवृत्ताचं एक पान साहेबांकडून परत आलं. लाल शाईने एकच शब्द खोडला होता, ‘गोंधळ’. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सविस्तर चर्चा झाली असे वाचावे.’

आदल्या दिवशी अधिसभेत जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. एका सदस्यांनी विषयपत्रिका फाडून तुकडे व्यासपीठाकडे भिरकावले होते. दोघे जण समोरच्या मोकळ्या जागेत मांडी घालून बसले होते. पाण्याचा जग लवंडून माझ्या वहीची चार पानं भिजली होती. मी धीर करून म्हटलं, “सर, पण चर्चा झालीच नाही.” साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. “बाई, गोंधळ देवीचा घालतात. इतिवृत्तात गोंधळ लिहीत नाहीत.”

हे १९८८ सालचं. विद्यापीठाच्या सभा विभागात मी मराठी लघुलेखक म्हणून लागले आणि २०२१ मध्ये कक्षाधिकारी म्हणून तिथूनच निवृत्त झाले. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. माणसांची तर नाहीच. पण ३३ वर्षं व्यासपीठाच्या डाव्या हाताला, कुलसचिवांच्या खुर्चीमागे एक छोटं टेबल होतं, त्या टेबलावरून सगळं ऐकलं आहे.

ती इतिवृत्ताची भाषा पुढे माझ्या अंगवळणी पडली. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे दोन तास भांडण. ‘सदस्यांनी तीव्र भावना व्यक्त केल्या’ म्हणजे कुणीतरी व्यासपीठावर चढलं होतं. ‘साधकबाधक चर्चेअंती’ म्हणजे सगळ्यांना भूक लागली होती. आणि ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं असेल, तर विरोध करणारे त्या वेळी बाहेर चहाला गेले होते की काय, हे एकदा विचारून घ्यावं.

*

अधिसभा म्हणजे काय, हे विद्यापीठाच्या आवारात राहणाऱ्यांनाही धड ठाऊक नसतं. बोलताना सगळे ‘सिनेट’च म्हणतात. माझी भाची अमेरिकेत शिकवते. तिच्या विद्यापीठातही सिनेट आहे, पण ती निव्वळ प्राध्यापकांची. अभ्यासक्रम, पदव्यांचे निकष, नेमणुका यांवर शिकवणाऱ्यांचा शब्द चालावा म्हणून असलेली. तसलं काम आपल्याकडे विद्यापरिषद आणि अभ्यास मंडळं करतात. आपली सिनेट ही निराळी चीज आहे. तीत प्राध्यापक आहेत तसे प्राचार्य आहेत, संस्थाचालक आहेत, नोंदणीकृत पदवीधर आहेत, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव आहेत, विधानसभेचे दोन आणि विधान परिषदेचे एक आमदार आहेत, कुलपतींनी नेमलेली माणसं आहेत आणि उत्तरं द्यायला सगळे अधिकारीही. सध्याचा कायदा २०१६ चा, १ मार्च २०१७ पासून लागू झालेला. त्यानुसार निवडून आलेले दहा शिक्षक, दहा प्राचार्य, दहा पदवीधर, सहा संस्थाचालक आणि विद्यापीठाच्या विभागांतले तीन शिक्षक. शिक्षकांच्या आणि पदवीधरांच्या दहांपैकी पाच जागा राखीव. वर्षातून निदान दोन बैठका झाल्याच पाहिजेत. अर्थसंकल्प, लेखे, वार्षिक अहवाल, बृहत् आराखडा हे सगळं या सभेपुढे यावं लागतं. सभेचे अध्यक्ष कायद्याने कुलपती, म्हणजे राज्यपाल. आमच्याकडे प्रत्यक्षात ती खुर्ची कुलगुरूच सांभाळत.

आता गंमत बघा. ज्यांना प्रश्न विचारायचे, तेच सभेच्या अध्यक्षपदी. आणि कुलगुरू निवडताना या सभेला कुणी विचारत नाही. शोध समितीवर एक नाव व्यवस्थापन परिषद आणि विद्यापरिषद मिळून देतात, अधिसभेचं कुणीच नसतं. मग या सभेचा उपयोग काय, असं मला नव्या नव्या सदस्यांनी अनेकदा विचारलं आहे. मी त्यांना एसटीच्या वेळापत्रकाची गोष्ट सांगत असे.

*

अधिसभेत प्रश्न विचारायचा तर तो मुदतीत लेखी द्यावा लागतो. शेवटच्या दिवशी साडेपाचला विभाग बंद व्हायचा, आणि पाच वाजून वीस मिनिटांनी धापा टाकत शिपाई पाकिटांचा गठ्ठा आणून टाकायचा. प्रश्नांचा साचा थेट विधिमंडळातला. ‘हे खरे आहे काय? असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ आम्ही ते संबंधित विभागांना पाठवायचो आणि उत्तरं यायची. उत्तरांचे प्रकार चारच. ‘होय.’ ‘नाही.’ ‘माहिती संकलित करण्यात येत आहे.’ आणि सगळ्यांचं लाडकं, ‘प्रश्न उद्भवत नाही.’

तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक सदस्य होते. खांद्याला कापडी पिशवी, बोलणं कमी. एका बैठकीसाठी त्यांनी एकच प्रश्न दिला, चार भागांचा. अमुक महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींना दिलेलं परीक्षा केंद्र किती किलोमीटरवर आहे? तिकडे जाणारी सकाळची पहिली एसटी किती वाजता पोहोचते? पेपर किती वाजता सुरू होतो? आणि वरील बाबी केंद्र ठरवताना विचारात घेतल्या होत्या काय?

परीक्षा विभागाने पहिलं उत्तर पाठवलं, ‘अशी तक्रार प्राप्त झालेली नाही.’ आमच्या साहेबांनी ते तसंच परत धाडलं. वर टिप्पणी लिहिली, ‘उपप्रश्न येईल.’ हे दोन शब्द विद्यापीठात भल्याभल्यांची झोप उडवतात. लेखी प्रश्नाला लेखी उत्तर देता येतं, पण सभागृहात उठून विचारलेल्या उपप्रश्नाला तिथल्या तिथे तोंडी सांगावं लागतं, आणि मागे पत्रकार बसलेले असतात.

दुसऱ्या दिवशी परीक्षा नियंत्रक स्वतः जिना उतरून आमच्या विभागात आले. माझ्या टेबलावर त्यांनी आगारातून मागवलेलं वेळापत्रक पसरलं. पहिली गाडी पोहोचायची दहा पन्नासला. पेपर साडेदहाचा. नियंत्रकांनी दोनदा बोट फिरवून खात्री केली, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, ह्या पोरी आजवर जात कशा होत्या?” मला काय माहीत! आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्कामाला जात असतील, नाहीतर वडाप पकडत असतील. नाहीतर पहिला अर्धा तास बुडवत असतील.

बैठकीच्या चार दिवस आधी त्या गावात उपकेंद्र मंजूर झाल्याचं पत्र निघालं. छापील उत्तर आलं ते असं: शेवटच्या भागाला ‘सदर गावी उपकेंद्र मंजूर आहे’, बाकीच्या तिन्हींना ‘प्रश्न उद्भवत नाही.’ सरांनी उभं राहून ते वाचलं, “समाधान झालं” म्हणाले आणि बसले. उपप्रश्न नाही, भाषण नाही. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात एक ओळ नाही. जेवणाच्या वेळी मी त्यांना विचारलं, “सर, तुमच्या प्रश्नामुळे झालं, हे कुठेच आलं नाही.” ते म्हणाले, “पोरी आता चालत जातील,” आणि ताटातली कोशिंबीर संपवू लागले.

मी निवृत्तीपर्यंत असे कितीतरी प्रश्न पाहिले, जे सभागृहात पोहोचण्याआधीच काम उरकून मोकळे झाले. बाहेरचा माणूस अधिसभेचे ठराव मोजतो. आत बसलेल्याला कळतं की ठरावापेक्षा प्रश्नाला जास्त घाबरतात. ठराव व्यवस्थापन परिषदेकडे जातो, तिथून समितीकडे, आणि पुढच्या बैठकीच्या कार्यपूर्ती अहवालात ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणून परत येतो. एका ठरावाची कार्यवाही पाच वर्षं सुरू होती. सभेची मुदत संपली तेव्हाच ती थांबली.

ठराव अगदीच वाया जातात असंही नाही म्हणा. पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव द्यावं असं तिथल्या अधिसभेने ठरवलं आणि २०१४ मध्ये ते नाव लागलं. पण तिथे सभेच्या मागे बाहेरची मोठी मागणी उभी होती.

*

माझे साहेब इतिहासाचे एम.ए. फाइलीवर सही करता करता सांगत. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, आणि सिनेट त्याच्या जन्मापासूनची. तेव्हाचे सदस्य म्हणजे फेलो, तेही सरकारने नेमलेले आणि तहहयात. त्याच सिनेटात न्यायमूर्ती रानड्यांनी देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत पुन्हा जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षं खटपट केली. फिरोजशहा मेहतांचा आवाजही तिथे घुमलेला. मग लॉर्ड कर्झन आले. १९०४ च्या कायद्याने त्यांनी फेलोंची संख्या शंभरावर आणून बांधली, मुदत पाच वर्षांची केली आणि सरकारचा हात वर ठेवला. गोखल्यांनी वरिष्ठ कायदे मंडळात त्या विधेयकाला विरोध केला, पण ते पास झालंच. साहेब म्हणत, “तेव्हापासून भांडण एकच आहे बाई. नेमलेले किती आणि निवडलेले किती.” आमच्याकडे कुलपतींनी नेमलेल्यांची यादी उशिरा आली की ते हे वाक्य हमखास म्हणायचे.

*

निवडणुकीचं सांगायला हवं. हे मतदान पसंतीक्रमाचं असतं. फुली किंवा टिक मारायची नाही, नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. मतपत्रिकेवर ठळक सूचना, केंद्राच्या भिंतीवर ठळक सूचना, शिवाय मतपत्रिका देणारा तोंडी सांगतो. आणि शिक्षक मतदारसंघाची मोजणी सुरू झाली की पहिला गठ्ठा बाद मतांचा. टिक मारलेली. फुली मारलेली. एकावर फक्त ‘योग्य’ असं लिहून खाली सही, बहुधा हाताला उत्तरपत्रिका तपासायची सवय. ‘प्रश्नपत्रिकेवरील सूचना नीट वाचा’ असं जन्मभर वर्गात सांगणाऱ्यांची ही मतं. मोजणीच्या टेबलावर आम्ही हसलो नाही, कारण समोर उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते. घरी येऊन हसले.

मोजणीचा हिशेब असा. समजा पाच जागा आणि १,२०० वैध मतं. १,२०० ला सहाने भागायचं, आलेल्या २०० त एक मिळवायचा. २०१ हा कोटा. तो ज्याने गाठला तो निवडून आला आणि त्याची जास्तीची मतं पुढच्या पसंतीला वाटली गेली. मग शेवटून एकेक उमेदवार बाद करत त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीच्या खणात टाकत जायचं. पहाटे तीनपर्यंत चालतं. पहिल्या फेरीत चौथ्या क्रमांकावर असलेले एक सर आनंदाने घरी जाऊन झोपले, सकाळी उठले तर पडलेले. दुसऱ्या पसंतीचं एकही मत त्यांना मिळालं नव्हतं. स्वतःच्या माणसांना ते लाडके होते, बाकीच्यांना नकोसे. माणसाची इतकी अचूक परीक्षा दुसरी कुठली नसेल.

आणि खरी निवडणूक त्यानंतर असते. नव्या अधिसभेच्या पहिल्या बैठकीत व्यवस्थापन परिषदेवर आठ जण निवडून द्यायचे असतात. प्राचार्य दोन, शिक्षक दोन, संस्थाचालक दोन, पदवीधर दोन. विद्यापीठाची तिजोरी आणि नेमणुका ज्या खोलीतून चालतात तिथे बसण्याचा हा रस्ता. त्यामुळे पहिल्या बैठकीला हजेरी शंभर टक्के. आजारी सदस्य सलाइनची पट्टी हाताला असताना आलेले मी पाहिले आहेत. अर्थसंकल्पाच्या बैठकीला हेच सदस्य शोधावे लागतात.

*

अर्थसंकल्पाची बैठक मार्चमध्ये, कारण १ एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं. शे-दीडशे पानांचं पुस्तक आम्ही आधी टपालाने पाठवायचो. बैठकीच्या दिवशी सदस्यांच्या हातात ते पाकिटासकट असायचं, न फोडलेलं. सगळ्यांचं नव्हे, पण निम्म्यांचं नक्की.

एक कुलसचिव होते, फार हुशार. त्यांनी शोधून काढलं होतं की अर्थसंकल्प जेवणानंतर घ्यायचा आणि जेवणात बासुंदी ठेवायची. साडेतीनला पंखे फिरताहेत, वित्त व लेखा अधिकारी एका सुरात आकडे वाचताहेत, आणि पहिल्या रांगेपासून माना कलायला लागतात. पाचच्या सुमाराला बाहेरगावच्या सदस्यांना गाड्यांची आठवण होते. “विषय क्रमांक सात.” “मंजूर, मंजूर.” “विषय क्रमांक आठ.” “मंजूर.” कपात सूचना दिलेल्या सदस्याचं नाव पुकारलं जातं तेव्हा तो फलाटावर असतो. एक जुने पदवीधर सदस्य मात्र घरून भाकरी आणि ठेचा आणत. “तुमची बासुंदी महागात पडते,” म्हणायचे आणि साडेतीनला पानागणिक खुणा केलेलं पुस्तक उघडून बसायचे. ते बोलायला उठले की वित्त अधिकारी पाणी मागवत.

त्याच भाकरीवाल्यांनी एकदा पावणेसहाला उठून शांतपणे म्हटलं, “अध्यक्ष महोदय, गणपूर्तीचा मुद्दा.” सभागृह एकदम जागं झालं. मोजलं तर माणसं कमी. बेल वाजवली. कुलसचिवांनी मला डोळ्यांनी खूण केली, मी धावत बाहेर गेले. बाकीचे सदस्य कुठे असतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. पोर्चमध्ये प्रवासभत्त्याच्या टेबलाशी रांगेत. मी त्यांना अक्षरशः हात जोडून आत आणलं, अर्थसंकल्प मंजूर झाला, आणि पुढच्या वर्षीपासून भत्त्याचं टेबल मी सभागृहाच्या आत, मागच्या भिंतीशी लावलं. फॉर्मवर सही घ्यायची ती शेवटचा विषय संपल्यावर. माझ्या ३३ वर्षांच्या नोकरीतली एवढी एकच सुधारणा माझ्या नावावर आहे. ती कुठल्याही इतिवृत्तात नाही.

*

आता ‘बघू’ची गोष्ट.

एका खरेदीबद्दल कुरबुर होती. कसली खरेदी, ते जाऊ द्या. एका प्राध्यापक बाईंनी कागद दाखवत मुद्देसूद मांडणी केली आणि शेवटी म्हणाल्या, “चौकशी समिती नेमावी.” कुलगुरूंनी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाले, “ठीक आहे, बघू.” पुढचा विषय सुरू झाला.

मी मसुद्यात लिहिलं, ‘माननीय कुलगुरूंनी याबाबत चौकशी करण्याचे मान्य केले.’ मसुदा वरून परत आला तेव्हा पेन्सिलीने ‘चौकशी करण्याचे मान्य केले’ खोडून वर ‘नोंद घेतली’ लिहिलेलं. मी टाइप केलं. पगार त्याचाच होता.

सहा महिन्यांनी पुढची बैठक. पहिला विषय नेहमीचाच, मागील इतिवृत्त कायम करणे. दोन मिनिटांचा. बाई उठल्या. “अध्यक्ष महोदय, कुलगुरू ‘बघू’ म्हणाले होते. ‘नोंद घेतली’ असं म्हणाले नव्हते.” कुलसचिव म्हणाले, अर्थ तोच आहे. आणि त्या एका वाक्यावर सभागृह पेटलं. पुढची चाळीस मिनिटं ‘बघू’ या शब्दाच्या अर्थावर चर्चा झाली, आणि ही मात्र खरोखरच सविस्तर चर्चा. मराठीचे एक विभागप्रमुख उठून म्हणाले की क्रियापदाचं हे रूप भविष्यातल्या कृतीचं आश्वासन देतं, ‘आपण ते पाहणार आहोत’ असा त्याचा सरळ अर्थ. संस्थाचालकांपैकी एक जण म्हणाले, “सर, व्याकरण ठेवा बाजूला. माझा मुलगा मोटारसायकल मागतो तेव्हा मी ‘बघू’ म्हणतो. त्याला अर्थ बरोबर कळतो.” सगळे हसले. विद्यार्थी परिषदेचा सचिव, विशीतला मुलगा, मागून उठला. “अध्यक्ष महोदय, माझ्या वडिलांनी ‘बघू’ म्हणून दोन वर्षांनी घेऊन दिली.” पुन्हा हशा. पण बाई हसत नव्हत्या. “मग दोन वर्षं थांबायची माझी तयारी आहे. ‘बघू’ असं लिहा. जे बोलले तेच लिहा.”

ध्वनिफीत मागवली. तीत पंख्याची घरघर, कुणाचं तरी खोकणं आणि अर्धवट ऐकू येणारं काहीतरी. कुलसचिव मागे वळून माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, “तुमच्या वहीत काय आहे?” वहीत ‘बघू’च होतं. लघुलिपीत, एका फटकाऱ्यात. मी ते पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांना लघुलिपी येत नव्हती, पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

इतिवृत्तात दुरुस्ती झाली. ‘माननीय कुलगुरूंनी याबाबत तपासून पाहण्यात येईल असे सांगितले.’ माझी ओळ नाही आणि त्यांचीही नाही. पण त्या ‘तपासून पाहण्यात येईल’च्या जोरावर बाईंनी पुढच्या बैठकीला प्रश्न दिला: तपासून पाहिले काय? असल्यास, काय आढळले? मग समिती नेमावी लागली. तिचा अहवाल आला तेव्हा बाईंची मुदत संपलेली होती. तो वाचायला त्या माझ्या विभागात आल्या, लाकडी बाकावर बसून दोन तास टिपणं काढली, चहा घेतला नाही.

मला आजही वाटतं की पहिल्या मसुद्यात मी ‘बघू’च लिहायला हवं होतं. ‘चौकशी करण्याचे मान्य केले’ ही माझीच चलाखी होती, बाईंच्या बाजूची, पण चलाखीच. लघुलेखकाने कुणाची बाजू घ्यायची नसते. ऐकलं ते उतरवायचं.

*

शेवटचं वर्ष करोनाचं. अधिसभा ऑनलाइन. पडद्यावर चौकटीच चौकटी, कुणाच्या मागे देव्हारा, कुणाच्या मागे वाळत घातलेले कपडे. एका ठरावावर विरोधी गट संतापला आणि सात जणांच्या चौकटी पटापट नाहीशा झाल्या. कुलसचिवांनी मला फोन केला. “मॅडम, हा सभात्याग समजायचा की नेटवर्क गेलं?” मी यादी काढून एकेकाला फोन लावला. पाच जणांनी सभात्याग केला होता. एकांकडे लाइट गेले होते. आणि सातवे म्हणाले, “आधी नेटवर्क गेलं, पण आता सभात्यागच लिहा.”

मी लिहिलं, ‘सहा सदस्यांनी सभात्याग केला.’ लाइट गेलेले सदस्य पुढे माझ्यावर नाराज होते म्हणे, त्यांनाही सभात्यागात धरायला हवं होतं.

सगळेच सदस्य कापडी पिशवीवाल्या सरांसारखे किंवा त्या बाईंसारखे नसतात, हेही सांगून टाकते. स्वतःच्या कॉलेजची तुकडी मंजूर व्हावी म्हणून प्रश्न देणारे असतात, तुकडी मंजूर झाली की प्रश्न मागे घेणारे असतात. पत्रकार आले की उठणारे आणि गेले की बसणारे असतात. पण एका बैठकीत सत्तरेक माणसांत दोन जण जरी पुस्तक वाचून आले, तरी विद्यापीठाचे सगळे विभाग आधीचे पंधरा दिवस उशिरापर्यंत दिवे लावून बसतात. हे मी दर बैठकीला पाहिलं.

म्हणूनच निवडणुका लांबणीवर पडतात तेव्हा मला राग येतो. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक २०२३ मध्ये जाहीर झाली, थांबवली गेली, पुढच्या वर्षी पुन्हा ठरली, मतदानाच्या तोंडावर पुन्हा थांबवली गेली आणि उच्च न्यायालयाने बजावल्यावर २४ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. दहाही जागा युवासेनेला गेल्या. कुणाला गेल्या यापेक्षा मला मतदारांचा आकडा बोचतो. दरवर्षी लाखाच्या घरात पदव्या देणाऱ्या विद्यापीठात पदवीधरांची मतदार यादी तेरा हजारांच्या आसपास. बाकीच्यांना आपलं मत आहे हेच ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून अर्ज भरलेला नाही. पदवी मिळाली म्हणजे यादीत नाव येत नाही, त्यासाठी नोंदणी करावी लागते.

मी स्वतः निवृत्तीनंतर अर्ज भरला. तात्पुरती यादी लागली तेव्हा माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. ज्या विभागात आयुष्य गेलं त्याच विभागाच्या खिडकीशी रांगेत उभी राहून हरकतीचा अर्ज दिला. खिडकीतल्या मुलीने पोच दिली आणि म्हणाली, “बघते, मॅडम.” अंतिम यादीत नाव बरोबर आलं.

तुम्ही पदवीधर असाल तर तुमच्या विद्यापीठाची नोंदणी कधी सुरू होते याची चौकशी करा आणि अर्ज भरा. तात्पुरती यादी लागली की हरकतींना मोजकेच दिवस असतात, तेव्हा नावातलं प्रत्येक अक्षर तपासून घ्या.